बाकावर दहा मुली

माझी जीभ माझ्या आधी घराबाहेर पडते, असं माझी बायको नवाल म्हणते. तेवीस वर्षं ती हे म्हणतेय आणि तेवीस वर्षं मी तिला गप्प बसवतोय. पण त्या शुक्रवारी मी जे करून बसलो, त्यानंतर मला तोंड उघडायला जागाच राहिली नाही.

मी फव्वाज. थोरल्या मुलाचं नाव औस, म्हणून सगळे मला अबू औस म्हणतात. माझी वीस सीटची मिनीबस आहे. डोंगरावरच्या तीन वस्त्यांमधल्या मुली गोळा करायच्या, खाली गावातल्या मुलींच्या शाळेत सोडायच्या आणि दुपारी परत आणायच्या, हे माझं काम. त्या वर्षी शाळा उघडल्या आणि लगेच शिक्षकांचा संप सुरू झाला. शिक्षिका रोज शाळेत यायच्या, सही करायच्या, छातीला काळी फीत लावून अंगणातल्या पाइनच्या झाडाखाली बसायच्या, पण वर्गात पाऊल टाकायच्या नाहीत. टीव्हीवर रोज सूटबूट घातलेला एकजण सांगायचा, पालकहो, शाळा उघड्या आहेत, मुलांना पाठवा. शिक्षक सांगायचे, पाठवू नका, बाक भरलेले दिसले की आमचं कोण ऐकणार?

आता पाठवायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं ना? पण नाही. सगळे माझ्या बसकडे डोळे लावून बसायचे. अबू औसची बस निघाली तर मुलींना पाठवू, नाही निघाली तर राहू देत घरी. दोन आठवडे मी बस जागची हलवली नाही. शिक्षकांचं चुकतंय असं मला कधीच वाटलं नाही. आमच्या फिजिक्सच्या मिस सौसन शाळा सुटल्यावर तासभर थांबून मुलींना शिकवायच्या, तेही फुकट, आणि त्यांच्यासाठी माझी बस खोळंबायची म्हणून मी त्यांच्यावर ओरडायचो. असल्या बाईनं हक्काचं मागितलं तर मी आडवा येऊ?

मग तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, आयांच्या ग्रुपवर मुख्याध्यापिकेचा मेसेज आला. नवाल वांग्यांमध्ये अक्रोड भरत बसली होती. दोन्ही हात तिखटानं लाल. तिनं कोपरानं फोन माझ्याकडे ढकलला.

"वाचा. मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. रविवारी, म्हणजे शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून शाळा भरताच, सकाळी नऊ वाजता शिक्षण कार्यालयाचा माणूस बारावी सायन्सच्या मुली मोजायला येणार. दहा मुली बाकावर दिसल्या तर वर्ग राहील. एक जरी कमी पडली तर वर्ग बंद, मुलींची नावं शहरातल्या शाळेत.

पटावर मुली होत्या बरोब्बर दहा. त्यातली एक माझी रहफ.

शहर इथून पस्तीस किलोमीटर. दोन बस बदलायच्या, पहाटे निघायचं. मी रहफला पाठवलं असतं, डोक्यावर घेऊन चालत नेलं असतं. पण बाकीच्या नऊजणींचे बाप मला माहीत आहेत. निम्म्या घरी बसल्या असत्या आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांची लग्नं लागली असती. आणि रहफ मला म्हणाली होती, "बाबा, त्या नसतील तर मी एकटी जाऊन काय करू?" ही मुलगी औषधशास्त्र शिकायचं म्हणून नववीपासून टिपणांचे कागद टाचणीनं भिंतीवर लावतेय. भिंतीचा रंग दिसत नाही.

"रविवारी बस काढायची," नवाल म्हणाली. "शिक्षकांची मी माफी मागेन. पण बस काढायची."

मी म्हटलं, काढतो. मनापासून म्हटलं.

आणि मग आला शुक्रवार.

दुपारची नमाज झाल्यावर मी अंगणात बसलो होतो, तेवढ्यात चढावावरून माणसं येताना दिसली. एक नाही, दोन नाही, चौदा. सगळ्यांच्या अंगावर इस्त्रीचे अबा, पायघोळ झगे, आणि पुढे गावातला सर्वांत मानाचा म्हातारा, हाजी मुत्लक. म्हणजे जाहाच! एवढी थोर मंडळी जेव्हा मिळून दारात येते, तेव्हा ती काहीतरी मागायला आलेली असते, आणि ज्याच्या दारात येते त्या घराची मान गावात वीतभर उंच होते. माझ्या छातीत ढोल वाजायला लागले. कारण मला वाटलं, मला कळलं ते कशासाठी आलेत. बारा दिवसांपूर्वी हाजीच्या मुलानं, जमीलनं, आपल्या पिकअपनं माझ्या उभ्या बसचा आरसा उडवला होता आणि वर मलाच शिव्या दिल्या होत्या. तेव्हापासून आमचा सलाम बंद. आता खुद्द हाजी चौदा माणसं घेऊन मिटवायला आला! मी काय सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं.

बसवलं सगळ्यांना. कडू कॉफी ओतली. हाजीनं कप घेतला आणि रीतीप्रमाणे न पिता समोर खाली ठेवला. मागणं मान्य होईपर्यंत प्यायची नाही. अशा वेळी घरधन्यानं विचारायचं असतं, हाजी, काय काम काढलंत? साधी गोष्ट. लहान पोरालाही ठाऊक असते.

पण मी छाती फुगवून उभा राहिलो आणि म्हणालो, "हाजी, बोलूही नका! कॉफी प्या. ज्यासाठी आलात ते दिलं!"

चौदाच्या चौदा कप एका दमात रिकामे झाले. इतक्या चटकन की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

"अल्लाह तुझं तोंड उजळ ठेवो, अबू औस," हाजी मिशी पुसत म्हणाला. "आम्ही शिक्षकांच्या वतीनं आलो होतो. रविवारपासून सरकार बाक भरायच्या मागे आहे. संप मिटेपर्यंत तुझी बस दारातून हलायची नाही. बस, एवढंच मागणं होतं."

आतल्या पडद्यामागे काहीतरी धाडकन पडलं. नंतर कळलं, वांग्यांची बरणी होती.

मी उभाच. दिलेला शब्द, तोही जाहाला, चौदा साक्षीदारांसमोर, स्वतःच्या घरात. तो मोडला तर उद्या माझा सलाम कुणी घेणार नाही, माझ्या मुलाला कुणी मुलगी देणार नाही. मंडळी उठली, मला मिठ्या मारल्या आणि उतरून गेली. आरशाचा विषयही कुणी काढला नाही.

नवाल बाहेर आली. तेलाचे डाग कपड्यांवर. मला वाटलं ओरडेल. ती रिकामे कप गोळा करायला लागली, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

रहफ तिच्या मागे उभी होती. "बाबा," ती म्हणाली, "निदान विचारायचं तरी होतं, काय हवंय म्हणून."

"मला वाटलं आरसा..."

"माझं वर्ष आरशाच्या बदल्यात दिलंत?"

तिला उलट बोलते म्हणून मी कधी सोडलं नसतं. पण त्या दिवशी सोडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, खोटं कशाला सांगू. संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या सगळ्या बापांचे फोन येऊन गेले. सगळ्यांचं एकच, अबू औस, तू जाहाला शब्द दिलास म्हणे, मग आम्हीही गाड्या काढत नाही. सगळ्यांच्या अंगावरचं ओझं उतरलं होतं आणि ते माझ्या डोक्यावर आलं होतं.

शनिवारी सकाळी मी उठलो, दाढी केली आणि नवालला म्हटलं, "माझा काळा अबा दे. मी जाहा घेऊन हाजीकडे चाललोय."

"कोण कोण आहे जाहात?"

"मी."

"एकट्याची जाहा? अहो, लोक पोट धरून हसतील!"

"हसू देत. कालपेक्षा जास्त काय हसणार आहेत?"

तिनं अबा दिला. दारात माझी कॉलर नीट केली आणि म्हणाली, "आज तरी आधी ऐका, मग बोला." मी बसला हातही लावला नाही. लोकांनी लगेच म्हटलं असतं, बघा, शब्द मोडला. सगळा उतार पायी उतरलो.

हाजीची बैठक भरलेली होती. संपाच्याच गप्पा चालल्या होत्या. मी सलाम केला, मधोमध बसलो. जमीलनं कॉफी दिली, माझ्याकडे न बघता. मी कप घेतला आणि खाली ठेवला.

सगळ्यांच्या माना कपाकडे वळल्या. मग मागून कुणीतरी फिस्कन हसलं. "अबू औस, तुझी बाकीची मंडळी वाटेत हरवली का रे?"

"मागून येतायत," मी म्हटलं. "दम लागलाय त्यांना."

हाजीला मात्र हसू आलं नाही. त्याच्या घरात न प्यालेला कप पडून राहिला तर ती त्याची नाचक्की. पण म्हातारा पक्का. मांडी बदलून म्हणाला, "मी तुझ्यासारखा उतावळा नाही. आधी बोल, मग बघतो."

मी सगळं सांगितलं. मेसेज दाखवला. दहा मुली, नऊ वाजता, एक कमी पडली तर वर्ग गेला. हाजीनं चष्मा लावून दोनदा वाचलं. त्याला हे माहीत नव्हतं, बैठकीत कुणालाच नव्हतं. आयांच्या ग्रुपवर पुरुष नसतात आणि संपावरच्या शिक्षिकाही नव्हत्या.

"बस न हलवण्याचा शब्द मला परत द्या," मी म्हटलं. "एका दिवसापुरता."

हाजीनं चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाला, "शब्द माझा नाही, शिक्षकांचा आहे. परत द्यायचा तर त्यांनी द्यायचा." आणि आत हाक मारली, "सौसन!"

हो, मिस सौसन हाजीचीच मुलगी. ती दारात येऊन उभी राहिली, काळी फीत घरातही छातीला. मी काय केलं असेल? मी माझा कप उचलला, चालत गेलो आणि तिच्या पायाशी ठेवला.

एकच गलका झाला. पुरुषांच्या बैठकीत बाईसमोर कप! कुणी म्हणालं, वेडा झालाय. जमील उठून उभा राहिला. हाजीनं हात वर केला तेव्हा कुठे शांतता झाली.

मिस सौसननं फोन घेऊन मेसेज वाचला. सहा वर्षांपूर्वी गावात हा वर्ग उघडावा म्हणून दारोदार फिरली होती ती. बस लावा म्हणून माझ्याकडे तीनदा आली होती आणि तिसऱ्यांदा मी कंटाळून हो म्हटलं होतं.

"काका," ती म्हणाली, "तुम्हाला वाटतं मला या मुलींची काळजी नाही?"

"असं मी म्हटलं का?"

"उद्या तुमची बस रस्त्यावर दिसली की पाठोपाठ सगळ्या वर्गांच्या मुली येतील. भरल्या शाळेचा फोटो निघेल. टीव्हीवर सांगतील, संप फुटला. माझ्यासोबत अकराजणी बसल्या आहेत तिथं. त्यांना मी काय तोंड दाखवू?"

"ते मला कळतं गं बाई. म्हणूनच बस जागेवर आहे. पण माझ्या पोरीला मी काय तोंड दाखवू, ते तू सांग."

तिनं फोन मला परत दिला. खिडकीबाहेर बघत राहिली. मग ती वळली.

"काका, कॉफी प्या."

मी हात पुढे केला आणि नवाल आठवली. हात मागे घेतला. "आधी सांग, काय देणार ते."

"काल तुम्ही विचारलंत?"

काय हशा पिकला! भिंती हादरल्या. हाजीसुद्धा डोळे पुसायला लागला. मी तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती. मी वाकून कप उचलला आणि प्यालो. गार झालेली, कडूजहर. पण प्यालो, एका दमात.

"बस हलवू नका," ती म्हणाली. "तुमचा शब्द आहे तसाच राहू दे. उद्या सात वाजता रहफला गणवेशात तयार ठेवा."

घरी आलो तर नवाल फाटकातच.

"काय मिळालं?"

"माहीत नाही."

"पुन्हा?"

रविवारी सात वाजता मी, नवाल आणि रहफ रस्त्यावर उभे. सव्वासात झाले. रहफ दप्तराची चेन सारखी उघडत-लावत होती. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होतो. आणि मग वळणावर हॉर्न वाजला!

मिस सौसनची जुनाट लाल गाडी. आरशाला काळी फीत बांधलेली. मागच्या सीटवर तीन मुली कोंबलेल्या. तिच्या मागे दुसरी गाडी, गणिताच्या मिसची, तिच्यामागे तिसरी, अरबीच्या मिसची. संपावरच्या शिक्षिका, छातीला फिती लावून, फक्त बारावी सायन्सच्या मुली गोळा करत वस्त्यावस्त्यांवरून निघाल्या होत्या!

"चल लवकर!" मिस सौसन ओरडली. "पुढे बस. आणि ऐक, वर्गात मी येणार नाही. पुस्तक उघडायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा."

रहफ उडी मारून आत बसली. मी नवालकडे बघितलं, नवालनं माझ्याकडे. "पळा," ती म्हणाली. आणि मी पळालो. पन्नाशीचा माणूस, अबा कमरेला खोचून, पायवाटेनं धडपडत. वाटेत आणखी दोन बाप माझ्या मागे पळत सुटले. का पळतोय हे त्यांनी विचारलंच नाही.

मुलींच्या शाळेत पुरुष आत जात नाहीत. पण बारावीचा वर्ग रस्त्याच्या बाजूला, तळमजल्यावर आहे आणि कुंपणाची भिंत छातीएवढी. आम्ही तिघे भिंतीला चिकटलो. खिडक्या सताड उघड्या, आतलं बोलणंही ऐकू येईल एवढ्या जवळ. मी बाकावरच्या मुली मोजल्या. नऊ.

पुन्हा मोजल्या. नऊच! गझल नव्हती, वरच्या वस्तीतली. तिच्या बापानं दार उघडलं नव्हतं म्हणे. शिक्षिका संपावर आणि शिक्षिकाच न्यायला येते, हा कसला पोरखेळ, असं आतूनच ओरडला होता. नऊला दहा मिनिटं कमी. शिक्षण कार्यालयाची पांढरी गाडी फाटकात थांबली. फाइल घेतलेला एक तरुण उतरला, चेहऱ्यावर झोप.

आणि वरून धुरळा उडवत एक पिकअप आला. ओळखीचा पिकअप, माझ्या आरशाचा वैरी! जमील चालवत होता, शेजारी हाजी मुत्लक, दोघांच्या मधे गणवेशातली गझल. हाजी तिच्या बापाकडे जाऊन काय बोलला ते आजवर कुणाला कळलेलं नाही. गझल फाटकातून अशी धावली की तिचा एक बूट अंगणात राहिला. पाइनखालून एका शिक्षिकेनं तो उचलून खिडकीतून आत दिला.

दहा!

तो तरुण वर्गात आला. बोट फिरवून मोजलं. उलट बाजूनं पुन्हा मोजलं. मान डोलावली. मी भिंतीवर दोन्ही मुठी आपटल्या आणि शेजारच्या बापाला मिठी मारली. वर्ग राहिला होता!

मग त्यानं फोन काढला. "हो साहेब," तो म्हणाला, "दहाच्या दहा हजर आहेत. लिहितो, शाळेत शिकवणं सुरू झालं, संप मागे."

माझी मिठी सुटली. अंगणात पाइनखाली बसलेल्या बारा बायकांनी एकदम माना वर केल्या. हेच होणार म्हणून मिस सौसन घाबरली होती, आणि माझ्या हट्टापायी ती या सापळ्यात येऊन बसली होती.

रहफ उभी राहिली. माझी रहफ, जी दुकानात सुटे पैसे मागायलाही मला पुढे करते.

"सर, काय लिहिलंत?"

"तुमचा वर्ग राहिला. आनंद करा. बस खाली."

"शिकवणं सुरू नाहीये, सर. मुली आहेत, शिकवणारं कुणी नाही. दोन्ही लिहा."

"अगं, तुझ्या भल्याचंच आहे."

"दोन्ही लिहा," गझल म्हणाली, एका पायात बूट घालून. मग सगळ्याच उभ्या राहिल्या.

त्या तरुणानं कपाळ चोळलं. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "पोरींनो, नऊच्या तासाची शिक्षिका गैरहजर असं मी लिहिलं, तर तिचा पगार कापला जाईल. नाव घालून लिहावं लागेल. लिहू? तुम्ही सांगताय म्हणून लिहू?"

रहफनं खिडकीबाहेर बघितलं. मलाही तिकडे बघवत नव्हतं. नऊचा तास मिस सौसनचा होता; जिनं तिला आज दारातून उचलून आणलं, तिचंच नाव ती कसं देणार?

बाहेर मिस सौसन उठून उभी राहिली होती. ती खिडकीपर्यंत आली नाही. पाइनच्या सावलीच्या कडेला थांबली आणि तिनं रहफकडे बघून फक्त एकदा मान हलवली, फळ्यावरचं उत्तर बरोबर असलं की हलवते तशी.

रहफनं टेबलावरचं हजेरीपत्रक ओढून घेतलं. पहिलं नाव वाचलं. "हजर!" दुसरं. "हजर!" एकेक नाव, एकेक आवाज, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा. नववं नाव गझलचं. दहावं नाव तिनं स्वतःचं वाचलं आणि स्वतःच उत्तर दिलं. मग ती थांबली. तिनं हजेरीपत्रक मिटून खाली ठेवलं.

"मिस सौसन?" तिनं विचारलं.

अंगणातून, सहा वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या त्या खणखणीत आवाजात, हात वर करून उत्तर आलं, "गैरहजर!"

भिंतीपलीकडे आम्ही बाप लहान मुलांसारखे ओरडलो. त्या तरुणानं एकदा अंगणाकडे बघितलं, एकदा मुलींकडे, मग पेन उघडलं आणि दोन्ही लिहिलं.